एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी हाडावरचे श्रवणयंत्र: घ्यावे की न घ्यावे

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एक जुनी, साधी चाचणी असते. नादकाटा वाजवायचा, आधी कानाजवळ हवेत धरायचा आणि मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा. ज्याचा एक कान पूर्णपणे निकामी झाला आहे अशा माणसाच्या त्याच बाजूला ही चाचणी केली, तर हवेत धरलेला काटा त्याला ऐकू येत नाही किंवा फार पुसट येतो; हाडावर टेकवताच मात्र "आता येतोय आवाज" असे तो सांगतो. नवशिक्या डॉक्टरची इथे सहज फसगत होते. आतला कान शाबूत आहे आणि अडथळा फक्त पडद्यात किंवा मधल्या कानातल्या हाडांच्या साखळीत आहे, असे त्याला वाटते. खरे तर त्या बाजूचा कान काहीच ऐकत नसतो. काट्याचे कंपन कवटीच्या हाडातून पलीकडे जाते आणि चांगल्या कानाचा आतला भाग ते ऐकतो.

तपासणीतली ही फसगत म्हणजेच एका कानाच्या बहिरेपणासाठी हाडात बसवल्या जाणाऱ्या श्रवणयंत्राचे संपूर्ण तत्त्व आहे. बहिऱ्या बाजूला कानामागे एक छोटे यंत्र बसते, ते त्या बाजूचा आवाज टिपते, त्याचे कंपनात रूपांतर करते आणि ते कंपन कवटीच्या हाडातून चांगल्या कानाकडे पाठवते. बहिऱ्या कानाला ते ऐकायला लावत नाही. ही गोष्ट कागदावर सोपी दिसते, पण ती मनात पूर्ण उतरण्याआधी घेतलेला निर्णय पुढे बहुधा निराशेकडे जातो, म्हणून हा सगळा लेख याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे. शस्त्रक्रियेनंतर "पण माझा कान परत आला नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला यंत्राने फसवलेले नसते. कान परत येणारच नव्हता.

ज्यांचा एक कान अलीकडेच, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आत्ता वाचण्याचा नाही. अचानक आलेला बहिरेपणा हा तातडीने उपचार करण्याचा आजार आहे. स्टिरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते आणि पहिले दोन आठवडे सर्वांत मोलाचे मानले जातात. यंत्राचा विचार ऐकू येणे परत येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर करायचा असतो. तोपर्यंत एमआरआय होऊन ऐकण्याच्या नसेजवळ गाठ नाही ना, हेही पाहिलेले असले पाहिजे.

एक कान गेल्यावर नेमके काय जाते

शांत खोलीत समोरासमोर बसून बोलताना एका कानाच्या माणसाला फारशी अडचण येत नाही. त्यामुळे घरच्यांना आणि सहकाऱ्यांना त्याचा त्रास कळतच नाही, आणि "तुला हवे ते बरोबर ऐकू येते" हा टोमणा अनेकांना ऐकावा लागतो. नुकसान तीन ठिकाणी होते आणि ती तिन्ही एकमेकांपासून वेगळी ओळखणे निर्णयासाठी आवश्यक आहे.

पहिले नुकसान डोक्याच्या सावलीचे. बहिऱ्या बाजूने आलेला आवाज चांगल्या कानापर्यंत पोहोचण्यासाठी डोक्याला वळसा घालून जावा लागतो. खर्जातल्या आवाजाच्या लहरी लांब असतात. २५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वा मीटरहून अधिक भरते आणि डोक्यासारखा अडथळा तिच्या खिजगणतीतही नसतो. ४००० हर्ट्झची लहर मात्र जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची असते, म्हणजे डोक्याच्या रुंदीच्या सुमारे निम्मी, आणि ती डोक्याला अडून बरीच क्षीण होते. आपल्या भाषेतले स्वर मुख्यतः खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, त, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत दडलेली असते. म्हणून बहिऱ्या बाजूला बसलेल्या माणसाने "साठ" म्हटले तर "आठ" ऐकू येते. आवाज पोहोचतो, पण शब्द कळत नाही, अशी ही तक्रार असते.

दुसरे नुकसान दिशेचे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात थोडा आधी आणि थोडा मोठा पोहोचतो. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो, आणि मेंदू तेवढ्यावरून आवाजाची जागा सांगतो. त्यासाठी दोन कानांकडून आलेल्या दोन बातम्या लागतात. एकच बातमी असेल तर तुलना करायची कशाशी? एका कानाच्या माणसाला फोनची घंटा ऐकू येते, पण फोन कोणत्या खोलीत आहे ते कळत नाही; रस्त्यात कोणी हाक मारली तर तो नेहमी चांगल्या कानाच्या दिशेने वळतो.

तिसरे नुकसान गोंगाटातले. दोन्ही कान चालू असतील तर मेंदू दोन बातम्यांची सांगड घालून हव्या आवाजाला गर्दीतून वेगळा काढतो. एका कानाला ही सोय नसते, आणि समारंभात दोन तास घालवून आलेला माणूस इतरांपेक्षा कितीतरी अधिक थकलेला असतो. त्याने तेवढा वेळ प्रत्येक वाक्यासाठी मान वळवली असते, ओठ पाहिलेले असतात आणि अर्धे शब्द अंदाजाने भरलेले असतात.

हाडावरचे यंत्र यांपैकी पहिले नुकसान बऱ्याच प्रमाणात भरून काढते. दुसरे ते भरून काढत नाही, कारण यंत्र बसल्यावरही ऐकणारा आतला कान एकच असतो आणि दोन्ही बाजूंचे आवाज त्याच एका ठिकाणी जमा होतात. तिसऱ्याचे उत्तर "परिस्थितीवर अवलंबून" असे आहे आणि ते जरा नीट पाहावे लागते.

गोंगाट कोणत्या बाजूला आहे

समजा बोलणारा माणूस बहिऱ्या बाजूला आहे आणि गोंगाट चांगल्या बाजूला. मोटारीत चांगला कान उघड्या खिडकीकडे आणि सोबती बहिऱ्या कानाकडे, अशी ही जागा. यंत्राशिवाय ही सर्वांत वाईट परिस्थिती असते आणि यंत्राचा सर्वांत मोठा फायदा इथेच दिसतो. आता उलटे करून पाहा. एका कानाचा अनुभवी माणूस जेवणाच्या टेबलावर जागा निवडताना सोबत्याला चांगल्या कानाकडे घेतो आणि गर्दीकडे बहिरा कान करतो. त्याचे डोकेच गोंगाट अडवण्याचे काम करत असते. डोक्याची सावली इथे त्याच्या बाजूने उभी असते. या वेळी यंत्र चालू असेल तर ते नेमका तो अडवलेला गोंगाट उचलून त्याच्या एकुलत्या चांगल्या कानात आणून ओतते, आणि ऐकणे सुधारण्याऐवजी बिघडते.

आजच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बाहेरच्या भागात, दिशा ओळखणारे मायक्रोफोन आणि गोंगाट कमी करण्याच्या सोयी असतात, त्यामुळे हा तोटा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून हे यंत्र वापरणाऱ्याला ते कधी बंद करायचे हे शिकावे लागते, आणि ज्यांना ते जमते ते समाधानी राहतात. ज्या माणसाला स्वतःची जागा निवडता येत नाही, त्याला यंत्राचा उपयोग अधिक होतो. बैठकीत दोन्ही बाजूंना माणसे असलेला अधिकारी, वर्गात फिरणारा शिक्षक, दोन्हीकडून सूचना ऐकाव्या लागणारी परिचारिका, ही अशी माणसे. ज्याचे बहुतेक बोलणे घरात, ओळखीच्या दोन-तीन माणसांशी आणि स्वतः निवडलेल्या खुर्चीवरून होते, त्याने शस्त्रक्रिया करून फारसे काही कमावले असे होत नाही. माझ्या मते निर्णयातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे: तुमचा दिवस कोणत्या खुर्चीवर जातो?

हे यंत्र मुळात कोणासाठी होते

स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी त्यात टायटॅनियमची उपकरणे बसवत असत. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तेव्हा हाड धातूला इतके घट्ट जुळून आले होते की उपकरण निघेना. या जुळण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. त्याचा पहिला मोठा उपयोग दातांच्या इम्प्लांटसाठी झाला. पुढे १९७७ मध्ये गोथेनबर्ग येथे अँडर्स शेलस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले.

ते सुरुवातीचे रुग्ण एका कानाच्या बहिरेपणाचे नव्हते. त्यांचा आतला कान चांगला होता. अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात होती. जन्मतः कानाची नळीच नसणे, कान सतत वाहत असल्याने साधे यंत्र घालता न येणे, अशा त्या अडचणी होत्या. अशा रुग्णाच्या बाबतीत यंत्र अडथळ्याला बगल देऊन त्याच्याच चांगल्या आतल्या कानापर्यंत आवाज पोहोचवते, आणि परिणाम पुष्कळदा थक्क करणारा असतो. एका कानाच्या बहिरेपणासाठी या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. म्हणजे यंत्र तेच, पण काम वेगळे. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. "माझ्या नात्यातल्या एकाला हेच यंत्र बसवले आणि त्याचे आयुष्य बदलले" असे कोणी सांगितले, तर त्या नातेवाइकाचा दोष कोणत्या प्रकारचा होता ते आधी विचारावे. तो मधल्या कानाचा असेल तर त्याचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे

हाडावरच्या यंत्राच्या चर्चेत बसण्याआधी एका वेगळ्या पर्यायाचा निकाल लावून घ्यावा, तो म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट. यात बहिऱ्या कानाच्या शंखाकार आतल्या भागात, म्हणजे कॉक्लियात, विजेची बारीक तार घातली जाते आणि ऐकण्याच्या नसेला थेट विद्युतसंकेत दिले जातात. इथे बहिरा कान खरोखरच पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे मेंदूला दुसरी बातमी मिळते, दिशा कळण्यात सुधारणा होऊ शकते, आणि बहिऱ्या कानात सतत गुणगुण किंवा शिट्टी वाजत असेल तर ती अनेक रुग्णांमध्ये कमी होते. हाडावरच्या यंत्राकडून अशा गुणगुणीवर भरवशाने काही अपेक्षा ठेवता येत नाही. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत कॉक्लियर इम्प्लांटला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत हा पर्याय दिसत नाही.

या पर्यायाच्या अटी मात्र कडक आहेत. ऐकण्याची नस शाबूत हवी. नसेवरची गाठ काढताना ती कापली गेली असेल, किंवा जन्मतःच ती नसेल, तर हा मार्ग बंद होतो. सुरुवातीला ऐकू येणारा आवाज यांत्रिक आणि विचित्र वाटतो, आणि एका बाजूला निसर्गाचा आवाज, दुसऱ्या बाजूला विजेचा, यांची सांगड घालायला मेंदूला महिने लागतात. कान जितकी जास्त वर्षे बंद, तितकी यशाची शक्यता कमी. जन्मापासून बहिरा असलेला कान प्रौढ वयात असा जागा करणे क्वचितच साधते. मेंदूज्वरानंतर (मेनिंजायटिसनंतर) आलेल्या बहिरेपणात तर कॉक्लियाच्या पोकळीत हाड भरू लागते आणि काही महिन्यांत तार घालायला जागाच उरत नाही, असेही होऊ शकते.

यातून प्रश्नांचा क्रम ठरतो. हाडावरचे यंत्र आज बसवा किंवा दहा वर्षांनी, बहिऱ्या कानाच्या वयाने त्यात फरक पडत नाही, कारण ऐकणार आहे तो दुसरा कान. कॉक्लियर इम्प्लांटची वेळ मात्र निघून जाते. म्हणून ज्याची नस शाबूत आहे आणि बहिरेपण फार जुने नाही, त्याने "मी कॉक्लियर इम्प्लांटला योग्य आहे का" हे आधी विचारावे, आणि त्याचे उत्तर नाही आल्यावर, किंवा उत्तर होय असूनही नको वाटल्यावर, निवांतपणे हाडावरच्या यंत्राकडे वळावे. अनेकदा हा क्रम उलटा होतो, कारण हाडावरची शस्त्रक्रिया लहान असते आणि लहान गोष्ट आधी करून पाहावी असे आपल्याला वाटते.

शस्त्रक्रियेशिवाय तेच काम

दुसरा पर्याय क्रॉस या नावाने ओळखला जातो आणि तो १९६५ पासून माहीत आहे. बहिऱ्या कानावर केवळ मायक्रोफोन असलेले यंत्र लावायचे, ते बिनतारी पद्धतीने चांगल्या कानावरच्या यंत्राकडे आवाज पाठवते. तत्त्वतः हाडावरचे यंत्र जे करते तेच हे करते, फक्त रस्ता हाडाऐवजी हवेतून जातो. पूर्वी दोन्ही कानांना जोडणारी वायर असे, चांगला कान बंद झाल्यासारखा वाटे, आणि त्या काळाशी तुलना करता हाडावरचे यंत्र सरस ठरत होते. आजची क्रॉस यंत्रे लहान, बिनतारी आणि कानाची नळी बऱ्यापैकी मोकळी ठेवणारी आहेत, त्यामुळे दोघांतले अंतर आता तेवढे राहिलेले नाही.

तरीही काहींना चांगल्या कानात काहीही घातलेले सहन होत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे; एकच कान उरल्यावर त्याबद्दल माणूस हळवा होतो. चांगल्या कानाला खाज, एक्झिमा किंवा वाहण्याची प्रवृत्ती असेल तर क्रॉस अडचणीचे ठरते. अशांना हाडावरच्या यंत्राची बाजू भक्कम होते. याउलट चांगला कानही थोडा कमी ऐकू लागला असेल, तर क्रॉसचाच एक प्रकार त्या कानाला वाढवलेला आवाजही देतो, आणि मग तोलाचे पारडे तिकडे झुकते.

चांगल्या कानाची तपासणी या सगळ्यात मध्यवर्ती आहे. अमेरिकेतील मान्यतेनुसार एका कानाच्या बहिरेपणासाठी हाडावरचे यंत्र देताना चांगल्या कानाची सरासरी श्रवणपातळी २० डेसिबल किंवा त्याहून चांगली, म्हणजे आकड्याने कमी, असावी लागते. कारण उघड आहे: सगळा भार त्याच कानावर आहे. साठीकडे झुकलेल्या माणसाने हा आकडा आजचा म्हणून नव्हे, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा म्हणून पाहावा. वयाबरोबर वरच्या पट्टीतले ऐकणे आधी कमी होते, आणि कवटीतून पलीकडे जाताना कंपनाचा क्षय होतो तोही वरच्या पट्टीतच अधिक. दोन्ही तोटे एकाच जागी पडतात. अधिक ताकदीचे प्रोसेसर मिळतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

काहीच न करणे हाही एक पर्याय आहे, आणि तो हार मानणे नव्हे. बैठकीत बोलणाऱ्याजवळ ठेवायचा बिनतारी मायक्रोफोन गोंगाटात हाडावरच्या यंत्राहून अधिक उपयोगी पडू शकतो, कारण तो आवाज उगमाजवळच टिपतो. वर्गातल्या मुलांसाठी तर शिक्षकांच्या गळ्यातला असा मायक्रोफोन आणि योग्य बाक यांचा विचार शस्त्रक्रियेआधी व्हायला हवा. (एका कानाच्या लोकांना एक सोय मात्र फुकट मिळते: चांगला कान उशीत दाबला की शेजारच्या घोरण्याचा प्रश्न मिटतो. यंत्र रात्री काढूनच ठेवायचे असल्याने ती सोय कायम राहते.)

स्क्रू बाहेर की सगळे आत

यंत्र घ्यायचे ठरले की कोणत्या जातीचे घ्यायचे हा प्रश्न येतो. मूळ पद्धतीत तीन-चार मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसतो आणि त्याला जोडलेला धातूचा छोटा खुंट कातडीतून बाहेर राहतो. प्रोसेसर त्या खुंटावर टिचकीसारखा बसतो आणि निघतो. कंपन थेट हाडात जात असल्याने आवाज स्वच्छ पोहोचतो. ही शस्त्रक्रिया छोटी असते, प्रौढांमध्ये ती जागा बधिर करूनही होते, आणि हाड स्क्रूला जुळून आल्यावर, म्हणजे काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या अवधीनंतर, प्रोसेसर जोडला जातो.

किंमत द्यावी लागते ती कातडीच्या रूपात. खुंटाभोवतीची कातडी ही आयुष्यभर उघडी राहणारी सीमारेषा असते आणि ती रोज स्वच्छ करावी लागते. लाली, ओल, दाणेदार मांस वाढणे, संसर्ग, कातडी खुंटावर चढणे, हे त्रास काहींना होतात, आणि ते किती तीव्र आहेत हे डॉक्टर शून्य ते चार अशा मोजपट्टीवर नोंदवतात. बहुतेक वेळा मलम आणि स्वच्छता पुरते. क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. भोवतालची जागा थोडी बधिर राहू शकते. स्क्रू सैल होऊन निघण्याचा धोका लहान मुलांत, धूम्रपान करणाऱ्यांत आणि त्या हाडाला पूर्वी किरणोपचार झालेल्यांत अधिक असतो. स्वतःच्या डोक्यातून बाहेर आलेला धातू रोज पाहणे मनाला जमेल का, हा प्रश्नही खरा आहे, आणि तो विचारताना कोणी संकोच करू नये.

दुसऱ्या पद्धतीत कातडी बंद राहते. जुन्या प्रकारात बाहेरचे यंत्र कंपन निर्माण करून ते कातडीतून आतल्या चुंबकाकडे पाठवते, आणि वाटेत वरच्या पट्टीतला आवाज कातडी गिळून टाकते. एका कानाच्या बहिरेपणात तोच आवाज सर्वांत आवश्यक असल्याने हा प्रकार मला इथे कमजोर वाटतो. नव्या प्रकारात कंपन निर्माण करणारा भागच कातडीखाली हाडाशी जोडलेला असतो आणि बाहेरचा प्रोसेसर चुंबकाने चिकटून त्याला फक्त संकेत देतो. बोनब्रिज आणि ओसिया ही या प्रकारातली नावे. आवाज चांगला मिळतो आणि कातडीची रोजची निगा वाचते. शस्त्रक्रिया मात्र मोठी होते, बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि आतला भाग बिघडला तर तो बदलण्यासाठी पुन्हा उघडावे लागते.

या निवडीत एक मुद्दा असा आहे की जो काही रुग्णांसाठी बाकी सगळ्यावर मात करतो: एमआरआय. टायटॅनियमचा साधा स्क्रू असेल तर प्रोसेसर काढून एमआरआय करता येतो आणि चित्रात अगदी लहान भाग बिघडतो. आत चुंबक असेल तर यंत्राच्या बनावटीनुसार ठरावीक ताकदीपर्यंतच एमआरआय करता येतो, आणि करता आला तरी चुंबकाभोवती चित्रात मोठा काळा डाग पडतो. ज्यांचा कान नसेवरच्या गाठीमुळे गेला आहे त्यांना त्याच बाजूचा एमआरआय वर्षानुवर्षे करत राहावे लागते. नेमकी पाहायची जागा त्या डागाखाली झाकली गेली तर काय उपयोग? अशा रुग्णाने गाठीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यंत्राची जात ठरवू नये.

लहान मुलांमध्ये कवटीचे हाड पातळ असल्याने अमेरिकेत पाच वर्षांखाली शस्त्रक्रिया करत नाहीत. तोवर तेच यंत्र लवचिक पट्ट्यावर बसवून डोक्याला बांधता येते.

चाचणी कशी घ्यावी

आणि याच पट्ट्यामुळे प्रौढांनाही एक मोठी सोय मिळते, जी बहुतेक शस्त्रक्रियांच्या वाट्याला येत नाही: निकाल आधी अनुभवता येतो. प्रोसेसर पट्ट्यावर किंवा धातूच्या कड्यावर बसवून बहिऱ्या बाजूच्या हाडावर दाबून ठेवला की यंत्र काय देणार आहे ते तुमच्याच कवटीतून ऐकू येते. हे महत्त्वाचे आहे, कारण कवटीतून पलीकडे जाताना किती आवाज गळतो हे प्रत्येक माणसात वेगळे असते. एखाद्याच्या बाबतीत तो जवळजवळ गळतच नाही, तर दुसऱ्याच्या बाबतीत बराच गळतो. मधे कातडी असल्याने पट्ट्यावरचा आवाज हाडात बसवलेल्या यंत्रापेक्षा थोडा दबका येतो, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर स्पष्टता वाढेल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण जे पट्ट्यावर मुळीच मिळाले नाही, उदाहरणार्थ दिशा, ते स्क्रूवरही मिळणार नाही.

दवाखान्यातल्या शांत खोलीत वीस मिनिटे लावून दिलेली चाचणी ही चाचणी नव्हे. तिथे यंत्र छानच वाटते. बहिऱ्या बाजूकडून पहिल्यांदा शब्द कळला की डोळ्यांत पाणी येणारी माणसेही असतात, आणि त्या क्षणी होकार देणे फार सोपे असते. यंत्र निदान दोन आठवडे घरी न्यावे. शक्य असेल तर याच काळात किंवा लगेच नंतर क्रॉसही तितकेच दिवस वापरून पाहावे, कारण तुलना केल्याशिवाय फायदा यंत्राचा होता की केवळ नव्या सोयीचा, हे उमगत नाही. कामावर, प्रवासात, लग्नसमारंभात, वाऱ्यात, हेल्मेट घालावे लागत असेल तर हेल्मेटसह, सगळीकडे ते वापरावे. चष्म्याची काडी आणि केस मायक्रोफोनला घासतात का ते पाहावे. गोंगाट बहिऱ्या बाजूला घेऊन बसून पाहावे आणि यंत्र मुद्दाम बंद-चालू करून फरक जोखावा. चाचणीच्या आधी आणि नंतर श्रवणतज्ज्ञ काही प्रश्नावल्या भरून घेतात. त्या कंटाळवाण्या असल्या तरी प्रामाणिकपणे भराव्यात, कारण स्मरणशक्ती अशा बाबतीत सोयीस्कर असते.

रोज एक ओळ लिहून ठेवली तरी पुरे: आज कुठे उपयोग झाला, कुठे त्रास झाला, किती तास लावले. घरातल्या एखाद्या माणसालाही वेगळे विचारावे, कारण "आता तुला दोनदा सांगावे लागत नाही" हे त्याच्या लक्षात तुमच्या आधी येते. चाचणी संपवून काहीच नको असे ठरवणाऱ्यांची संख्या लक्षणीय असते, तेव्हा पट्टा परत करताना डॉक्टरांना किंवा श्रवणतज्ज्ञांना काही अपमान वाटेल असे समजण्याचे कारण नाही.

पट्टा परत दिल्यावर लगेच तारीख घेऊ नये. आठवडाभर यंत्राशिवाय राहावे आणि नोंदी चालू ठेवाव्यात. पट्टा टोचत होता, घामट होत होता, दिसायला बरा नव्हता, तो गेल्याचा सुटकेचा भाव पहिल्या दिवशी सर्वांनाच येतो आणि त्याला महत्त्व देऊ नये. चौथ्या-पाचव्या दिवशी बैठकीत बहिऱ्या बाजूने कोणी बोलल्यावर हात आपोआप कानामागे जातो की नाही, ते पाहावे. गेला, तर शल्यचिकित्सकांची वेळ घ्यायला हरकत नाही.